बेलन्याच्या मापाची आकाशगंगा

विदर्भातलं सगळ्यात मोठं अंतराळसैन्य एके काळी हिंगणघाटात होतं आणि त्याची सेनापती मी होते, असं मी म्हणाले की माझा भाचा पाणी पिता पिता ठसकतो. त्याच्याकडे आता एक यंत्र आहे. बटण दाबलं की चकली पाडल्यासारखा त्यातून प्लास्टिकचा शिपाई पडतो. त्याला काय कळणार आमचे हाल! मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा तूप लावते, एवढंच. आणि ह्या गोष्टीला तर तुपाचीही गरज नाही, कारण आमच्या सैन्यातला एकेक शिपाई खरोखरच माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत उंच होता. रणगाडा पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा होता आणि तो ओढायला दोन माणसं लागत.

खेळाचं नाव मी इथे आमच्या भाषेत देते, राखसूर्य. सूर्य विझत आलाय, त्याच्या उरल्यासुरल्या उबेसाठी अकरा जमाती भांडतायत आणि हे भांडण हजारो वर्षं चालू आहे, म्हणजे माझ्या मामांच्या शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादापेक्षा थोडंच जास्त. प्रत्येक जमातीची वंशावळ, देव, शिव्या, जहाजं आणि शाप यांचं वेगळं पुस्तक. सगळी पुस्तकं एकावर एक ठेवली तर माणूस त्यावर चढून पंखा पुसेल. खेळायचं कसं, तर परदेशातून डबे मागवायचे, त्यातले शिपाई तुकडे जोडून उभे करायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे, मापानं पुढे सरकवायचे आणि फासे टाकून एकमेकांचे मारायचे. एका डब्यात पाच शिपाई. त्या डब्याची किंमत ऐकून बाबांनी विचारलं होतं, "पाच म्हंजे पाच पोते का?"

आम्ही जिनिंगच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा जिनिंगमध्ये फिटर. कापसातली रुई एकीकडे आणि सरकी, म्हणजे बी, एकीकडे करणाऱ्या त्या यंत्रांची नाडी बाबांना आमच्या नाडीपेक्षा चांगली कळायची. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत यंत्रांचा असा घरघराट चालायचा की आम्ही घरात एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, आणि हंगाम संपला तरी ती सवय जायची नाही. पाव्हणे म्हणायचे, ह्यांच्याकडे रोज भांडणं होतात. पावसाळ्यात मात्र यंत्रं बंद. समोरचं अख्खं मोठं आवार रिकामं, इतकं रिकामं की टोकाला उभ्या माणसाला हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो जेवून यायचा. आणि त्या शांततेत आमच्या घरातून एकच आवाज यायचा, मायच्या बेलन्याचा. पुण्याकडे ज्याला लाटणं म्हणतात ते. शिसवी, जाड, तिच्या आईकडून आलेलं. त्या बेलन्यानं माय पोळ्या लाटायची, मिरची कुटायची, पाल हाकलायची आणि आमचं शिक्षण करायची.

तर झालं असं की माझा पुण्याला शिकणारा मावसभाऊ एका सुट्टीत ह्या खेळाच्या नियमांचं झेरॉक्स आमच्याकडे विसरून गेला. झेरॉक्स कसलं, झेरॉक्सचं झेरॉक्स. चित्रं डांबरासारखी काळी. पण अक्षरं वाचता येत होती. मी आणि शेजारच्या क्वार्टरमधला माझ्याच वर्गातला मंगेश, म्हणजे मंग्या, डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचायला बसलो आणि महिनाभर शाळेतून आलो की तिथेच असायचो. मी गंजलेल्या लोखंडात राहणाऱ्यांची जमात घेतली, तिचं नाव आम्ही ठेवलं गंजबहाद्दर. मंग्यानं आतून रिकामी चिलखतं घालून फिरणारे साधू घेतले. ते झाले पोकळ महाराज. आजही जगात कुठे त्या जमातीचं इंग्रजी नाव निघालं की माझ्या तोंडातून पोकळ महाराजच निघतं आणि समोरचा बिचारा पाहत राहतो.

शिपाई घ्यायचे पैसे नव्हते, म्हणून शिपाई बनवायचे ठरलं. पण केवढे? चित्रं तर काळी. नियमांत लिहिलं होतं की शिपाई एका फेरीत सहा पट्ट्या चालतो, बंदूक चोवीस पट्ट्या जाते, आणि पट्टी म्हणजे तुमच्या डब्यात दिलेली मोजपट्टी. आमच्याकडे डबाच नव्हता! मंग्यानं पुष्कळ विचार केला. "हजारो वर्साची लढाई हाय संगीते," तो म्हणाला, "इतल्या मोठ्या लढाईची पट्टी काई लहान नसन." आम्ही घरभर नजर फिरवली. सरळ, मजबूत आणि दोघांनाही मान्य अशी एकच वस्तू दिसली. बेलनं.

आता हिशेब तुम्हीच करा. बंदूक चोवीस बेलनी जाणार. म्हणजे आमच्या दारातून सुटलेली गोळी वजनकाट्याच्या खोलीवर लागायची. एवढ्या मैदानात बोटाएवढा शिपाई दिसणार कसा, म्हणून शिपाईही वाढले. सूतगिरणीतून बाद झालेले पुठ्ठ्याचे कोन हे त्यांचं धड, बाटलीची बुचं ही डोकी, सायकलच्या तारांच्या बंदुका, आणि वरून बाबांच्या मशिनीच्या ग्रीसचा हात, म्हणजे गंज आपोआप. मंग्याचे पोकळ महाराज डालड्याच्या जुन्या डब्यांचे होते आणि वारा आला की त्यांच्या पोटातून असा हुंकार निघायचा की चौकीदार रामभाऊ काका संध्याकाळी त्या बाजूला जायचे नाहीत. दोन वर्षं, जून ते दसरा, आम्ही त्या आवारात लढलो. वाऱ्यानं सैन्य पडायचं, कुत्री शिपाई पळवायची, रामभाऊ काकांची बकरी तर आघाडीवरून फेरफटकाच मारायची. त्यामुळे एक सवय लागली. प्रत्येक फेरीनंतर कोण कुठे उभा आहे ते आम्ही दोघं घोकायचो, पाढ्यासारखं. सगळं उधळलं तरी पुन्हा जसंच्या तसं मांडता यायचं. आणि घरी माय ओरडायची, "माहं बेलनं कुठी हाय वो?" लढाई असली की आमच्याकडे भाकर, तह झाला की पोळी. बाबा जेवायला बसले की ताटाकडे पाहून विचारायचे, "आज कोन जितलं?"

मग गावात सायबर कॅफे आलं आणि मला नागपूरचा अनिरुद्ध सापडला. म्हणजे इंटरनेटवर सापडला, ह्या खेळाच्या गप्पांच्या पानावर. इंजिनिअरिंगला होता, बाप दातांचा डॉक्टर. नागपुरात त्यांचा पाच जणांचा संघ होता, दर रविवारी एका हॉलमध्ये जमायचा. त्यातला एक नोकरीला बंगलोरला गेला होता आणि एक जागा रिकामी होती. ते मी चारदा वाचलं आणि कॅफेवाल्याला आणखी एका तासाचे पैसे दिले. खऱ्या टेबलावर, खऱ्या खेळणाऱ्यांत बसायचं! मंग्याला विचारलं तर तो म्हणाला, "तूच जाजो. मले बसमंदी ओकारी होते." मी अनिरुद्धला लिहिलं की आमच्याकडे विदर्भातलं सगळ्यात मोठं सैन्य आहे. यात काय खोटं होतं? त्याचं उत्तर आलं, दिवाळीत हिंगणघाटला मावशीकडे येतोय, बघून जातो. खेळ चांगला असेल तर जागा तुझी.

तो आला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आणि नेमका त्याच सकाळी हंगाम सुरू झाला होता. आवारात बैलबंड्या, टेम्पो, कापसाचे छपराएवढे ढीग. आमचं रणांगण पांढऱ्या डोंगरांखाली गाडलं गेलं. आम्ही सैन्य कसंबसं ओसरीपुढे उभं केलं होतं. अनिरुद्धच्या हातात काळी पेटी होती, तबलजीच्या असते तशी. त्यानं आधी सैन्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग दमून रणगाड्यावर बसला.

"सैन्य कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"तुमी त्याच्यावरच बसून राह्यले," मंग्या म्हणाला.

अनिरुद्ध उठला. त्यानं पेटी उघडली. आत स्पंजच्या खाचांमध्ये, अंगठ्याच्या पेराएवढे, इतके बारीक, इतके सुंदर शिपाई झोपले होते की मी श्वास सोडला असता तर दोन उडाले असते. मंग्या वाकला, नाक पेटीत घालून त्यानं नीट पाहिलं आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "हे तं पिल्लं हायेत. मोठे कई होतीन?"

अनिरुद्ध इतका हसला की कापूस उतरवणारे हमाल थांबून पाहायला लागले. मग त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. पारदर्शक, प्लास्टिकची, करंगळीच्या दीड पेराएवढी. "ही पट्टी," तो म्हणाला. "ही एक."

दारात माय उभी होती. तिनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि दोन वर्षांचा सगळा राग एका वाक्यात गोळा केला. "इतलीशी? मंग माहं बेलनं काऊन पयवलं वो तुमी?"

मला जमिनीनं गिळावं असं वाटलं, पण जमिनीवर कापूस होता. अनिरुद्ध माणूस वाईट नव्हता. पेटी बंद करता करता म्हणाला, "हे भारी आहे यार, खरंच. पण आमच्या टेबलावर हे चालणार नाही. आणि तू ह्या अंतरावर कधी खेळलीच नाहीस. जागा एकच आहे." म्हणजे गेली. दोन वर्षांचा खेळ गेला, रविवार गेला, ती खुर्ची गेली. मी म्हणाले, "आत्ता खेळते. तुमच्या पट्टीनं." तो म्हणाला, "सैन्य कुठून आणशील?" त्या वेळी जिनिंगच्या खालच्या दारातून दिवसातली पहिली सरकी सांडत होती. मी धावत गेले आणि ओंजळभर घेऊन आले. प्रत्येक दाण्याला रुईचा बारीक केसाळ कोट, जणू थंडीच्या ग्रहावरून आल्यासारखा. साठ दाणे मोजले. "हे गंजबहाद्दर," मी म्हणाले. "लांब हायेत म्हणून बारीक दिसून राह्यले."

"सहा फेऱ्या," अनिरुद्ध हसत म्हणाला. "सहावीच्या शेवटी तुझा एक जरी माणूस मधल्या टेकडीवर उभा असेल, तर जागा तुझी."

ओसरीवरच्या तखतावर रणांगण मांडलं. फराळाचे डबे होतेच. चकल्यांचे बुरूज केले, शंकरपाळ्यांची तटबंदी, अनारशाची मधली टेकडी. अनिरुद्धला खेळता खेळता खायची सवय होती. दुसऱ्या फेरीत मी ज्या बुरुजाआड दहा माणसं लपवली होती, तो बुरूज त्यानं सहज उचलला आणि खाल्ला. मग पाहुण्यावर ओरडता येत नाही म्हणून मी नवा बुरूज लावला, त्यानं तोही खाल्ला. माय आतून म्हणाली, "खा रे बाप्पा, लाजू नोको." जगात कुठल्याच युद्धात तट असा पडला नसेल.

पण खेळ मात्र मला येत होता. त्याच्या टेबलावर सगळे दाटीवाटीनं खेळायचे, जत्रेसारखे. मला सवय होती अख्ख्या आवाराची. मी माझे दाणे लांब लांब पसरले, त्याच्या तोफेला घोळका मिळेना. चौथ्या फेरीच्या शेवटी माझे त्रेचाळीस उरले होते आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मग मायनं चहासाठी आत बोलावलं. चहा, वर पातोडीची भाजी खाऊनच जा असा आग्रह, त्यात दहा मिनिटं गेली. बाहेर आलो तर रामभाऊ काकांची बकरी तखतावर पुढचे दोन पाय ठेवून उभी होती. तिनं माझं सैन्य खाल्लं होतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. टेकडीही खाल्ली होती. अनिरुद्धचा एक सरदार तिनं चाटून पाहिला होता आणि थुंकला होता, आणि मला अजून वाटतं की ती बकरी होती चांगल्या चवीची.

अनिरुद्धनं तो चाटलेला सरदार रुमालानं पुसला. मग म्हणाला, "बकरीनं खाल्लेले मेले असं नियमात नाही. दुसरे ठेव. पण जिथं होते तिथंच ठेवायचे. आठवतं?"

मंग्या माझ्या कानाशी लागला. "पुढं सरकव. त्याले काय समजते!" मी डोळे मिटले आणि घोकलं, जसं आवारात घोकायचो. चकलीपासून दोन पट्ट्या, तीन जण. शंकरपाळ्यांच्या तटामागे, अडकलेले सहा जण, ते अडकलेलेच. मायनं दिलेल्या नव्या अनारशावर एक. मी एकेक दाणा ठेवत गेले, हरणाऱ्या जागी हरणारा, मरणाऱ्या जागी मरणारा. फक्त एक. डावीकडचा एक दाणा, टेकडीच्या वाटेवरचा, माझ्या बोटांनी अर्धी पट्टी पुढे ठेवला. मी नाही ठेवला, बोटांनी ठेवला.

अनिरुद्धनं खिशातून मोबाईल काढला. तेव्हाचा मोबाईल, चित्र असं की माणूस आणि म्हैस ओळखताना विचार करावा लागेल. चहाला जाण्याआधी त्यानं सरकीच्या सैन्याचा फोटो काढला होता, मित्रांना हसवायला. तो फोटो आणि तखत, तखत आणि फोटो, असं त्यानं कितीतरी वेळ पाहिलं. 

"बेचाळीस बरोबर," तो म्हणाला.

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी हात पुढे केला, तो डावीकडचा दाणा अर्धी पट्टी मागे आणला, आणि मान खाली घालून उभी राहिले. आता तो पेटी बंद करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला त्या बकरीपेक्षा स्वतःचाच राग आला होता.

"फासे घे," अनिरुद्ध म्हणाला. "पाचवी फेरी तुझी आहे."

मी आज एवढी वर्षं सांगत आलेय की सहाव्या फेरीत माझ्या एका दाण्यानं त्याचे वीस सरदार लोळवले. नाही लोळवले. त्यानं माझे छत्तीस मारले, पद्धतशीर, एकही चूक न करता. तो मागे आणलेला दाणाही गेला, टेकडीला अर्धी पट्टी कमी पडून. सहावी फेरी संपली तेव्हा माझे सात उरले होते, सहा ते अडकलेले, आणि एक टेकडीवरचा, ज्याच्याकडे दोन वेळा फासे चुकल्यामुळे कुणाला पोचता आलं नव्हतं. अनिरुद्धनं त्या एका दाण्याकडे पाहिलं, मग तखतावरची उरलेली शेवटची चकली घेतली.

"येत्या रविवारी," तो खात खात म्हणाला. "सकाळच्या बसनं ये. पण हॉलचा नियम आहे, रंगवल्याशिवाय सैन्य टेबलावर येत नाही. प्रत्येकाला कमीत कमी तीन रंग."

साठ दाणे, तीन रंग, चार दिवस. बाबांनी यंत्राला लावायचा चंदेरी रंग झाकणभर आणून दिला. मंग्यानं बहिणीची लाल नेलपॉलिश पळवली, त्याबद्दल मारही खाल्ला. काळा म्हणून चुलीवरच्या कढईची काजळी तेलात. मी रंग लावला की दाण्याचं कोकम व्हायचं. दुसऱ्या दुपारी माय पोळ्या आटोपून पदराला हात पुसत माझ्याशेजारी बसली, माझ्या हातातून काडी घेतली, ती फेकली आणि केसातली सुई काढली. रांगोळीत ठिपक्याच्या आत ठिपका काढणारा हात तो. तिनं पहिला दाणा रंगवला आणि मी तिच्याकडे नव्यानं पाहिलं.

"हे लोकं राह्यते कुठी?" तिनं विचारलं.

"विझलेल्या ग्रहावर. लोखंडात."

"खाते काय?"

"पुस्तकात नाई लिहिलं."

"खात असतीन काईतरी," माय म्हणाली. आणखी एक दाणा रंगवून तिनं विचारलं, "डोये काढू का याहिले?"

"नको वो माय. दिसत नाईत इतले बारीक."

"बिना डोयाचे लढतीन कसे?"

रविवारी बाबांनी मला सायकलवरून बसस्टँडवर सोडलं. नागपूरच्या त्या हॉलमध्ये वीस-पंचवीस मुलं होती, मुलगी एकही नाही. टेबलांवर असे डोंगर आणि किल्ले की आमचं आवार लाजावं. अनिरुद्ध म्हणाला, "ही संगीता, हिंगणघाटची. पाचवी." कुणीतरी विचारलं, "सैन्य कुठंय?" मी कुंकवाची डबी उघडून टेबलावर ठेवली. एक हसला, मग तीन हसले, मग भिंतीपर्यंत सगळे. त्यातला एक जाड चष्म्याचा मुलगा बारीक कामाचं भिंग घेऊन वाकला. तो वाकलेलाच राहिला. त्यानं एक दाणा चिमट्यात धरून फिरवला, दुसरा धरला, तिसरा धरला.

"अबे," तो म्हणाला, "प्रत्येकाला डोळे आहेत."

भिंग हातोहात फिरायला लागलं.  "कोणी रंगवले?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मायनं."

त्यानं शेजारच्या खुर्चीवरची आपली बॅग उचलली आणि खाली ठेवली.